गिरणी बंद असताना

॥ श्री शिव प्रसन्न ॥

सोनपेठ,
ता. ७ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्का यांस,

सविताचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडलं की तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग म्हणाल की फोनच्या जमान्यात भावजयीला पत्र लिहायचं काय सुचलं. तुम्हाला आता फोनवर ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहावं तर आपल्या घरात ते आधी सगळे वाचतात, मग ज्याचं त्याला पोचतं. त्यापेक्षा कागद बरा.

इकडे सर्व क्षेम आहे. गिरणी नेहमीसारखी. तुमच्या भावाने दळणाच्या चक्कीशेजारी आता मिरची कांडपाचं यंत्रही बसवलंय. दोन्ही एकदम सुरू झालं की माडीवरची भांडी मांडणीतल्या मांडणीत चालायला लागतात. तुम्ही इथे वाढलात, तुम्हाला वेगळं काय सांगू. जेवायला बोलवायचं तर हात तोंडाशी, थांबवायचं तर पंजा वर, मामंजींना चहा हवा असला तर अंगठा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या घरातली माणसं एकमेकांशी भांडलीत म्हणून बोलत नाहीत.

आता बातमी. श्रावणातल्या सोमवारी मठात माझ्या धनश्रीची आणि धाकट्या जाऊबाईंच्या भक्तीची दीक्षा ठरली होती. तुम्हाला निमंत्रण होतंच, पण तुमचा गुडघा. मामंजींनी महिनाभर दोघींची तयारी करून घेतली. कसं बसायचं, हात कसे धरायचे. आणि एक गोष्ट रोज बजावायचे की मंत्र काय, घरात सगळ्यांनाच येतो, पण गुरूच्या तोंडून कानात पडल्याबिगर तो आपला होत न्हाई, तवा स्वामींनी सांगितल्याबिगर तोंडातून अक्षर काढायचं न्हाई.

मठ गच्च भरला होता. टाळ, घंटा, बायकांची गाणी, वर कर्णा लावलेला. नागनाथ स्वामींनी डोक्यावर शाल ओढून आधी भक्तीच्या कानात मंत्र सांगितला. तिने तो इतक्या मोठ्याने म्हटला की सगळे हसले. मग धनश्री. स्वामी वाकले, कानाशी गेले, सरळ झाले आणि वाट पाहिली. ही गप्प. पुन्हा वाकले, तिसऱ्यांदा वाकले. मागच्या बायका मदत म्हणून मोठमोठ्याने मंत्र म्हणायला लागल्या, तशी ही त्यांच्याकडे वळून वळून पाहायला लागली. शेवटी स्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि असू द्या, पुढच्या वेळी घेईल म्हणाले. भक्तीच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग बांधलं गेलं. धाकटी बहीण ती डबी मिरवत घरी आली आणि थोरली मोकळ्या गळ्याने.

मामंजी घरी आल्यावर म्हणाले की पोरगी कानानं धड हाय आन् मनानं लय हट्टी हाय. कान धड हे खरंच आहे. मागच्या वर्षी बन्सीधर सरांनी शाळेतून चिठ्ठी पाठवली होती की ही वर्गात ऐकत नाही, गणिताचं पुस्तक काढा म्हटलं तर सगळ्यांनी काढल्यावर काढते, विचारलं एक तर उत्तर भलतंच देते. तेव्हा दवाखान्यात नेलं होतं. यंत्राची शिट्टी कितीही बारीक असली तरी हिने बरोबर हात वर केला. कानात काही दोष नाही असं त्यांनी सांगितलं. मग राहिला हट्टच.

मामंजींनी ठरवलंय की दिवाळीनंतर तिला लातूरच्या पुढे एका वसतिगृहाच्या शाळेत घालायचं. तिथे न ऐकणारी पोरं सरळ होतात म्हणे. श्रीशैल हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तुमचा भाऊ वडिलांपुढे कसा उभा राहतो ते तुम्हाला माहीत आहे.

हे लिहिताना मला वाईट वाटायला पाहिजे, अक्का. वाटत नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि आपला गाल आपल्यालाच परका लागतो, तसं झालंय. सकाळी तिची वेणी घालते, डबा देते, ती गेली की दळण घ्यायला बसते. एवढंच. एक गंमत मात्र आहे. वीज गेली की ही पोर एकदम शहाण्यासारखी वागते, सांगितलेलं सगळं करते. जाऊबाई म्हणतात, उकाड्याने डोकं ठिकाणावर येत असेल.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. आमच्यावरचा जीव आहे तसाच ठेवा.

तुमची,
सविता

---

उदगीर,
ता. १६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सविता हिस,

अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चष्मा डोक्यावरच होता, हे तुझ्या माहितीसाठी.

आप्पांना कुणीतरी आठवण करून द्या की त्यांचा स्वतःचा मुलगा दीक्षेच्या दिवशी ज्वारीच्या कणगीत लपून बसला होता आणि अख्खं घर त्याला नदीवर शोधत होतं. तो मुलगा आज त्यांची गिरणी चालवतो. हट्टाचं म्हणशील तर तो या घराण्यात बाहेरून विकत आणावा लागत नाही. भाऊ माझा असला तरी श्रीशैलला माझ्या वतीने एक धपाटा घाल. मुलगी त्याचीही आहे.

पण माझं मन सांगतं की हा हट्ट नाही. दवाखान्यातल्या तपासणीवर जाऊ नकोस. मलाही पहिल्यांदा सगळं ठीक आहे म्हणूनच सांगितलं होतं, आणि आता दारावरची घंटा वाजली तर शेजारीण येऊन सांगते. पोरीला कमीच ऐकू येत असणार. माझं जुनं कानाचं मशीन घरात नुसतं पडून आहे, चांगलं चालतं. शेजारचा आदिनाथ परळीला निघालाय, तो तुमच्याकडे येऊन ते देऊन जाईल. बारीक सेल आत घातलेत. तिच्या कानात बसवून बघ आणि काय होतं ते मला लगेच कळव.

आणि तू. तुझ्या पत्रात सगळ्यांचं सगळं आहे, फक्त तू नाहीस. पोरगी मठात गप्प बसली आणि तू पत्रात. जेवतेस का नीट? भावजी आशीर्वाद सांगतात, त्यांनी दोनदा सांगितला कारण पहिला मला ऐकू आला नाही.

सर्वांना यथायोग्य. वडीलकीचा हात तुझ्या पाठीवर आहेच.

तुझी,
भागम्माअक्का

---

सोनपेठ,
ता. ३० ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्का यांस,

सविताचा शि. सा. न. वि. वि.

आदिनाथ मशीन देऊन गेला. चहा घेतला, जेवायला थांबला नाही.

बाजाराच्या दिवशी, गिरणीत गर्दी असताना, मी ते धनश्रीच्या कानात बसवलं. वाटलं, शांततेत तर ती सगळं ऐकते, ऐकू येत नसेल तर ते आवाजात, मग आवाजातच बघावं. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं, तोंड वासलं, आणि मशीन उपटून फेकून दिलं. ते पिठाच्या डब्यात पडलं. मग ती पायरीवर जाऊन ओकली. डब्यात एका गिऱ्हाईकाचं गव्हाचं पीठ होतं. ते सगळं चाळून मशीन काढावं लागलं. तानुबाई, आपल्याकडे धान्य निवडायला येतात त्या, हसून हसून लाल झाल्या. मीही हसले असेन. मला आठवत नाही.

मामंजी बघत होते. म्हणाले की बघा, म्या सांगतच व्हतो, अक्कानं येवढं मशीन धाडलं तर त्येबी फेकून देयलीय. तुमच्यावर मात्र ते रागावले नाहीत. मशीन पुसून, कापसात गुंडाळून परत पाठवते आहे. चालतं का ते तुम्हीच पाहा.

वसतिगृहात न्यायला पत्र्याची पेटी आली. हिरवी आहे. रंगाऱ्याकडून तिच्यावर पोरीचं पूर्ण नाव घालून घेतलंय, अक्षर चांगलं आहे. धनश्रीने हाताने विचारलं, कुणाची? मी तिच्याकडे बोट केलं. ती खूष झाली. नवी वस्तू आपली म्हटल्यावर कोणतं लेकरू खूष होणार नाही. कशासाठी आणली हे तिला कळलंय की नाही ते मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

दुपारी पाहते तर ही पेटीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आणि झाकण वरून ओढून घेतलेलं. मी धावत जाऊन उघडलं. म्हणाली, आत लय चांगलं वाटतं, बाहेरचं काही येत न्हाई. झाकण पुन्हा लावू दे म्हणून मागे लागली. मी मध्ये लाटणं ठेवून तेवढी फट ठेवली आणि बाजूला डाळ निवडत बसले. बराच वेळ ती आत गुणगुणत होती.

आता सकाळी पूजेला मामंजींच्या शेजारी भक्ती बसते. लिंग नसल्यावर पाटावर बसायचं नाही, हा या घरचा नियम. धनश्री उंबऱ्यापाशी उभी राहून बघते. रडत नाही, मागत नाही. मी स्वयंपाकघरातून तिची पाठ बघते आणि पोळी करपली की खाली बघते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, जेवते मी. चव लागत नाही इतकंच.

आठवण ठेवता तेवढ्यावर माझं चाललंय.

तुमची,
सविता

---

उदगीर,
ता. ११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सविता हिस,

अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या कानातलं मशीन काढून मी टेबलावर ठेवलं.

मागच्या आठवड्यात इथे भाचेसुनेचं डोहाळजेवण होतं. मी मशीन लावून, नवी साडी नेसून मिरवत गेले. सविता, तुला सांगते, त्या हॉलमध्ये मला सगळं ऐकू येत होतं. वरचे पंखे, वाढप्यांच्या बादल्या, खुर्च्या ओढल्याचं, मागच्या रांगेतल्या बायकांच्या बांगड्या. समोर बसलेली भाचेसून माझ्याशी बोलत होती आणि तिचा आवाज त्या बादल्यांइतकाच मोठा, जराही जास्त नाही. कशातून काय उचलावं ते मला समजेना. मी हसत माना डोलावल्या. तिने तिखट चालेल का विचारलं असावं, कारण पुढ्यात मिरचीचा ठेचा आला. शेवटी उठले आणि कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसले. दार लावून घेतलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि घरी येते तर तुझ्या पत्रातली ती पेटी.

माझे मशीनवाले डॉक्टर आहेत त्यांच्याकडे मी काल मुद्दाम गेले. आधी त्यांनी मला चांगलं झापलं की एकाचं मशीन दुसऱ्याच्या कानात, तेही लेकराच्या, कधी घालायचं नसतं, कान बिघडायचा. ते माझं चुकलं, तू मला क्षमा कर. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की अशी मुलं असतात. कान ठणठणीत, आवाज पोचतो, पण गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला मेंदूला जड जातं. शिट्टीच्या तपासणीत ते सापडत नाही, त्याची तपासणी निराळी. नांदेडला एक बाई ती करतात. त्यांचा पत्ता सोबत जोडला आहे. मी आले असते, पण पावसाने रस्ते ठिकठिकाणी बंद आहेत आणि माझ्या गुडघ्याचा रस्ता तर बारमाही बंद. तू आणि श्रीशैल दोघं जा. त्याला सांग, अक्काचा हुकूम आहे.

मी म्हातारी आहे. मला ऐकू आलं नाही तर लोक मोठ्याने बोलतात, हसून सोडून देतात. तिला मात्र हट्टी म्हणतात. मला फार राग आलाय, पण कुणाचा ते ठरत नाही. आप्पांना वेगळं पत्र टाकते आहे.

पेटीत बसू देत जा. लाटणं आठवणीने लाव.

माझा सगळा ओढा सध्या तुमच्याकडेच आहे.

तुझी,
अक्का

---

सोनपेठ,
ता. २२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. भागम्मा हिस,

आप्पांचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. नदीला पाणी लय आले, पिके झोपली, त्यामुळे दळणही कमी आहे. बाकी शिवकृपेने ठीक.

तू शिकलेली आहेस, तू म्हणतेस तर नांदेडला दाखवू द्या, माझी ना नाही. गाडीची व्यवस्था मी केली आहे. पण भागम्मा, कान धड, जीभ धड, मंत्र तिला पाळण्यापासून पाठ. मग भर मठात ती तोंड का उघडत नाही, याचे उत्तर तुझ्या कोण्या डॉक्टरकडे असेल तर मला कळव. महिनाभर माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली पोर. तिच्या गळ्यात दोरा मी माझ्या हाताने बांधणार होतो. चारचौघांत मान खाली गेली त्याचे मला काही नाही, असे मी म्हणतो, पण तसे नाही. मला ते लागले आहे.

मी तिचा वैरी नाही. उद्या मी नसेन, तेव्हा न ऐकणाऱ्या पोरीचे काय होईल ही फिकीर मला आहे. दिवाळीनंतर ती जाणार, हे ठरले आहे.

जावईबापूंना शरणार्थ. प्रकृतीला जप, वडिलांना विसरू नको.

तुझे,
आप्पा

---

सोनपेठ,
ता. ९ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अक्का यांस,

सविताचा शि. सा. न. वि. वि.

दसरा झाला. तुमच्या नावाने आपट्याची पानं काढून ठेवली आहेत.

नांदेडला जाऊन आलो. त्या बाई वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. एक छोटी खोली होती, भिंतींना सगळीकडे मऊ अस्तर. आत गेल्यावर मला माझ्याच श्वासाचा आवाज यायला लागला. धनश्रीला कानाला लावायचं यंत्र दिलं आणि त्यातून शब्द ऐकवले. तिने सगळे बरोबर सांगितले, भराभर. श्रीशैल माझ्याकडे बघायला लागले. मग बाईंनी त्याच शब्दांच्या मागे बाजारासारखा कोलाहल लावला, फार मोठा नाही. तर ही एकेका शब्दाला अडली. मग थकली. मग सांगायचंच सोडून काचेपलीकडे बसलेल्या बाईंच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. दोन कानांत दोन वेगळे शब्द दिले तेव्हा एकच सांगायची.

बाईंनी समजावून सांगितलं की तिचे कान चांगले आहेत, ती मंद नाही, हट्टी तर मुळीच नाही. आलेल्या आवाजातून बोलणं निवडायला तिला कष्ट पडतात आणि वेळ लागतो. मी आपली मनात गिरणीवर नेऊन समजून घेतलं, धान्य पुरेपूर येतंय, चाळणीत मात्र खडे आणि दाणे एकत्रच पडतायत. सराव करून घ्यायचा आहे, महिन्यातून एकदा तिकडे न्यायचं. वर्गात पुढे बसवायचं, खिडकीपासून लांब. तिच्यासमोर तोंड करून बोलायचं, थोडं थोडं सांगायचं आणि सांगितल्यावर थांबायचं. बाईंनी विचारलं की नऊ वर्षांत घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. श्रीशैलनी गिरणीचं सांगितलं, हातांनी बोलायचं सांगितलं. आमच्या घरात तिला ऐकायची गरजच कधी पडली नव्हती, अक्का. आम्ही सगळेच तिच्यासारखे राहत होतो.

बन्सीधर सरांना सांगितलं. माणूस वाईट नाही. वर पत्रे, खाली एवढी लेकरं, त्यांचा स्वतःचा घसा बसलेला असतो. त्यांनी तिला पुढे बसवलंय. त्यांच्या लक्षात राहील तितके दिवस राहील.

मामंजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. गिरणी थांबवून ऐकलं. मग म्हणाले की चाळणीचं ध्यानात आलं माझ्या, पर मंत्र तर तिला पाठ हाय, आपला आपण म्हणायला ऐकायची काय गरज? तिथं का गप बसली? तेवढं मला कुणी सांगा.

नांदेडच्या कागदात तेवढं लिहिलेलं नाही. तेव्हा पेटी जिथे होती तिथेच आहे, आणि मी तिच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवायला घेतल्या आहेत. हात चालतात. बाकी सगळं दूर कुठेतरी चाललंय असं वाटतं.

तुमचं मन माझ्यापाशी आहे म्हणून लिहिते.

तुमची,
सविता

---

उदगीर,
ता. १८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सविता हिस,

अ. उ. आ. वि. वि.

फराळाच्या गडबडीत लिहिते आहे, कागदाला तूप लागलं तर चाटू नकोस.

आप्पांचा प्रश्न बरोबर आहे. मी दोन दिवस विचार केला, मलाही सुटला नाही. मग डोक्यात आलं की आपण सगळ्यांनी तो एकमेकांना विचारलाय. तू मला, मी डॉक्टरांना, आप्पा आभाळाला. तिला कुणी विचारलंय का? तुझ्या सगळ्या पत्रांत मला ते कुठे सापडलं नाही.

तेव्हा तिला विचार. गिरणी बंद असताना, तिच्यासमोर बसून, एकच प्रश्न. आणि मग तू तोंड मिट. ती उत्तर देत नाहीसं वाटलं तरी दुसरा प्रश्न घालू नकोस, ओरडू नकोस, तिच्या वतीने बोलू नकोस. तिला वेळ लागतो म्हणाल्यात ना बाई? मग तो दे. आपल्या घरात ही चीज कुणी कुणाला दिलेली नाही.

आणि नावाच्या पट्ट्या शिवणं तेवढं थांबव गं. मला ते वाचवेना.

दिवाळीचे आशीर्वाद सगळ्यांना. उत्तराकडे डोळे लावून बसले आहे, कानांचा तर उपयोग नाही.

तुझी,
अक्का

---

सोनपेठ,
ता. १४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्का यांस,

सविताचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आज सगळं एकदम लिहिते.

दिवाळीच्या दिवसांत दळणाचा इतका रेटा होता की गिरणी बंद अशी सापडेचना. दिवाळी झाली, आणि एके दिवशी तारांच्या कामासाठी सकाळपासून वीज बंद ठेवली. शाळेला सुट्टीच होती. चक्की बंद, कांडप बंद, रस्त्यावरचे कर्णे बंद. मी खाली ज्वारी निवडत बसले होते आणि धनश्री माझ्या समोर पोत्यावर पाय हलवत बसली होती. मी सूप खाली ठेवलं आणि विचारलं की मठात स्वामींनी मंत्र सांगितला तेव्हा तू म्हटला का नाहीस.

ती गप्प बसली. मीही बसले. फार जड गेलं, अक्का. जीभ दातांत धरून बसले होते.

मग ती म्हणाली की सांगितलाच न्हाई.

थोड्या वेळाने तिने आपणहून पुढचं सांगितलं. आजोबांनी बजावलं होतं की स्वामींनी कानात सांगितल्याबिगर अक्षर काढायचं न्हाई. ती वाट बघत होती. स्वामी कानाशी आले, गरम वारा लागला आणि ते गेले. पुन्हा आले, पुन्हा वाराच. तिसऱ्यांदाही तेच. मागून बायका मंत्र म्हणायला लागल्या, पण त्या काही स्वामी नव्हत्या, मग त्यांचं ऐकून कसं म्हणायचं? तिला वाटलं, स्वामींनी भक्तीला दिला आणि आपल्याला द्यायचा नाही असं ठरवलं. का ते तिला समजलं नाही. आपण काहीतरी वाईट केलं असेल म्हणाली. म्हणून तिने कुणाला विचारलं नाही. आणि मग पाय हलवत मला विचारलं की वाईट पोरींसाठीच ती पेटी हाय ना?

म्हणजे तिला माहीत होतं. पेटी आली तेव्हापासून माहीत होतं, आणि तरी ती रोज तिच्यात जाऊन बसत होती.

मला वाटलं, आता तरी माझ्या आत काही हलेल. हललं नाही. मी तिला जवळ ओढलं आणि नाही म्हणाले, तोंड तिच्यासमोर धरून, दोनदा म्हणाले. तेव्हा तिच्या खांद्यावरून मला मामंजी दिसले. मागच्या बाजूला गव्हाच्या थप्पीला टेकून ते चक्कीचा पट्टा शिवत बसले होते. ते तिथे असतात हे मी विसरलेच होते, कारण एरवी तिथे बसलेल्याला काही ऐकू येत नाही. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकलं होतं. पट्टा तसाच मांडीवर, सुई हातात. सगळ्या घरात त्यांचा शब्द शेवटपर्यंत धरून बसणारी तेवढी एकच निघाली होती, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

ते उठले, चप्पल न घालता बाहेर पडले आणि मठाकडे गेले. तिन्हीसांजेला परत आले. माडीवरून पेटी स्वतः खाली आणली, तिच्यात चक्कीचे जुने पट्टे भरले आणि गिरणीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. नाव तेवढं राहिलंय वर. राहू दे.

या वेळी दीक्षा मठात नाही, आपल्या गिरणीतच ठरली, आणि दिवसही त्यांनीच निवडला, बाजाराचा. श्रीशैल म्हणाले की त्या दिवशी नको, गिऱ्हाईक लय असतं. मामंजी म्हणाले की म्हणूनच. मला वाटतं, त्यांना काहीतरी फेडायचं होतं आणि स्वस्तात फेडायचं नव्हतं. दळणाच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मामंजींनी स्वतः खटका खाली ओढला आणि दारात जाऊन सांगितलं की दळण दुपारनंतर मिळंल, आमच्या पोरीला ऐकायचंय. लोक कुरकुरले, मग तेही पायऱ्यांवर गप्प बसले. आतले पंखे बंद केले. बायकांना गाणी नकोत म्हणून आधीच सांगितलं होतं. जाऊबाईंनी भक्तीच्या तोंडावर हात ठेवला होता, आणि भक्तीने स्वतःच्या हातांनी आणखी वरून.

नागनाथ स्वामी आधी तिच्यासमोर बसले. तिने त्यांचा चेहरा पाहिला. मग ते कानाशी वाकले. मला त्यांची कुजबुज दारापाशी ऐकू आली, इतकी शांतता होती.

धनश्री गप्प.

एक आत्याबाई होत्या, त्यांचे ओठ हलायला लागले. मामंजींनी पंजा वर केला, आपला गिरणीतला, थांब म्हणायचा. ओठ थांबले. सगळे थांबले, अक्का. मी या घरात आल्यापासून सगळे एकत्र असे कधी थांबलेले पाहिले नव्हते. ती स्वामींकडे बघत होती, आत काहीतरी जुळवत होती. आणि मग तिने मंत्र म्हटला. मोठ्याने नाही. नीट, एकेक अक्षर.

दोरा मामंजींनी बांधला. त्यांच्या बोटांना गाठ जमेना, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मग डोळे पुसल्यासारखं कपाळ पुसलं आणि श्रीशैलला हाताने खूण केली की चालू करा.

चक्की सुरू झाली, पाठोपाठ कांडप सुरू झालं, माडीवर भांडी वाजायला लागली. आणि तेव्हा मला रडू आलं. मिरचीच्या पोत्याआड तोंड करून मी इतक्या मोठ्याने रडले की दुसरीकडे कुठे असते तर गल्ली गोळा झाली असती. गिरणीत कुणाला पत्ता लागला नाही. श्रीशैल शेजारून गहू ओतून गेले.

धनश्री मात्र आली. आवाजात ती ऐकत नाही, बघते. माझ्यासमोर उभी राहिली, गळ्यातली डबी एका हातात धरून, आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिने माझ्यासमोर वर केला.

मी थांबले.

शाळेचं अजून अवघड आहे. परवा सरांनी तिला पुन्हा मागे बसवलं होतं, मी जाऊन पुढे आणून आले. असंच जात राहावं लागेल. तुमचा गुडघा बरा झाला की या. ती तुम्हाला समोर बसून मंत्र म्हणून दाखवणार आहे, तुम्ही मशीन काढून ठेवलंत तरी चालेल म्हणते.

तुमची माया आमच्या वाट्याला आली ती अशीच येत राहो.

तुमची,
सविता